शेजाऱ्याची उंच हेज: समजुतीने मिटवावं की कौन्सिलकडे जावं?

शेजाऱ्याच्या हेजने, म्हणजे झाडांच्या दाट कुंपणाने (बहुधा लेलँडी या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाच्या), तुमच्या बागेतलं ऊन अडवलं असेल, तर इंग्लंडमध्ये तुमच्यापुढे चार वाटा असतात. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या स्वतः छाटणं, शेजाऱ्याशी बोलून उंची ठरवून घेणं, कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, रीतसर तक्रार करणं आणि कोर्टात जाणं. पहिली वाट फार थोड्या प्रश्नांना पुरते आणि शेवटची फार थोड्या लोकांना परवडते. खरी निवड उरते ती मधल्या दोन वाटांमध्ये.

या दोघींतला फरक आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समजुतीतून जास्त मिळू शकतं, पण ते टिकेलच याची खात्री नसते. कौन्सिलच्या नोटिशीतून कमी मिळतं, पण जे मिळतं ते पक्कं असतं. शेजारी ऐकत नाही म्हणून चिडून तक्रार करणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा फी भरून झाल्यावर कळते.

आधी टेप आणि होकायंत्र

कुठलीही वाट धरण्याआधी आपल्या बागेचं गणित मांडा. अशा तक्रारी तपासताना कौन्सिलं ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संशोधन संस्थेने तयार केलेली पद्धत वापरतात. हेजची किती उंची तुमच्या उजेडाला बाधक मानायची, हे त्या पद्धतीने काढता येतं. बाग साधी आयताकृती असेल आणि हेज तिच्या एका टोकाला पूर्ण रुंदीभर असेल, तर हेजपासून समोरच्या टोकापर्यंतची बागेची खोली मोजा. हेज बागेच्या दक्षिणेला असेल तर त्या आकड्याला ०.२५ ने गुणा, उत्तरेला असेल तर ०.६५ ने. इतर दिशांचे गुणक या दोघांच्या मधले असतात.

१२ मीटर खोल बाग धरा. हेज दक्षिणेला असेल तर बाधक उंची ३ मीटर येते आणि तीच हेज उत्तरेला असेल तर ७.८ मीटर. म्हणजे ६ मीटर उंचीची हेज एका घराच्या बाबतीत कायद्याने ठोस तक्रार ठरते, तर दुसऱ्या घराच्या बाबतीत उजेडाच्या मुद्द्यावर तक्रार उभीच राहत नाही. खिडकीचा हिशोब वेगळा. तळमजल्याच्या मुख्य खोलीची खिडकी हेजसमोर असेल तर दोन्हींमधलं अंतर निम्मं करून त्यात १ मीटर मिळवायचा. अंतर ६ मीटर असेल तर ४ मीटर. बाग आणि खिडकी यांतला जो आकडा कमी, तो धरायचा.

आता या आकड्याचा खरा अर्थ पाहा. लंडनच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. त्या वेळी ३ मीटर उंचीच्या हेजची सावली ११ मीटरच्या पुढे जाते. जूनमध्ये त्याच हेजची मध्यान्हीची सावली दीड मीटरच्या आसपास असते. म्हणजे तक्रार पूर्ण मान्य होऊन हेज ३ मीटरवर आली, तरी ऐन हिवाळ्यात तुमच्या १२ मीटर बागेत दुपारी ऊन जवळजवळ नसेलच. वाफ्यांना एप्रिल ते सप्टेंबर ऊन हवं असेल तर कौन्सिल तुमच्या कामाचं आहे. नाताळच्या सुट्टीत बाकावर ऊन खात बसायचं असेल, तर ते फक्त शेजारीच देऊ शकतो.

कौन्सिल काय देतं आणि काय नाही

कौन्सिलचा हा अधिकार येतो २००३ च्या अँटी-सोशल बिहेव्हियर ॲक्टच्या आठव्या भागातून, आणि इंग्लंडमध्ये तो १ जून २००५ पासून लागू आहे. त्यामागे लेलँडीचाच मोठा हात होता. हे झाड दोन वेगळ्या सायप्रसांच्या संकरातून १८८८ साली वेल्समधल्या लेटन हॉलच्या आवारात जन्माला आलं. ते वर्षाला ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतं, दाट होतं, हिवाळ्यात पान टाकत नाही आणि मोकळं सोडलं तर ३० मीटरच्या वर जातं. आडोसा पटकन हवा असणाऱ्यांनी ते हजारोंनी लावलं आणि पुढची पिढी त्याच्या सावलीत भांडत बसली.

कायद्याच्या लेखी हेज कशाला म्हणायचं, हे नीट वाचायला हवं. ओळीत किमान दोन झाडं किंवा झुडपं, प्रामुख्याने सदाहरित किंवा निमसदाहरित, उंची २ मीटरपेक्षा जास्त, उजेड किंवा वावर अडवणारी, आणि त्या उंचीमुळे तुमच्या राहत्या घराच्या उपभोगाला वाजवीपेक्षा जास्त बाधा. एकटं उभं झाड यात बसत नाही. बीच आणि हॉर्नबीमची वाळलेली पानं हिवाळाभर फांद्यांवर टिकतात, पण ती झाडं सदाहरित नाहीत, म्हणून तीही बाहेर. बांबू गवताच्या जातीचा, म्हणून तोही बाहेर. प्रिव्हेट हे निमसदाहरित झुडूप मात्र आत येतं. मुळांमुळे भिंतीला तडे जात असतील तर तो या कायद्याचा विषयच नाही. तिथे आधी घराच्या विमा कंपनीला फोन करावा.

तक्रार मान्य झाली की कौन्सिल नोटीस काढतं. हेज अमुक मुदतीत अमुक उंचीवर आणा, आणि पुढे कधीही अमुक उंचीच्या वर जाऊ देऊ नका, असं त्यात लिहिलेलं असतं. बाधक उंची ३ मीटर असेल तर वाढीला जागा राहावी म्हणून आधी साधारण २.४ मीटरवर उतरवायला सांगू शकतात. हा दुसरा भाग, पुढच्या वाढीवरचा बांध, नोटिशीचं सगळ्यात मोठं देणं आहे. शेजाऱ्याने उद्या घर विकलं तरी नोटीस त्या जमिनीवर कायम राहते आणि नव्या मालकालाही लागू होते. ती न पाळणं हा गुन्हा आहे. दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो, आणि कोर्टाने सांगूनही काम झालं नाही तर रोजचा वेगळा दंड. कौन्सिलला स्वतःची माणसं पाठवून छाटणी करून घेता येते आणि तो खर्च मालकाकडून वसूल करता येतो.

पण दोन गोष्टी कौन्सिल कधीच सांगू शकत नाही: हेज उपटून टाका, आणि २ मीटरच्या खाली आणा. हेज मरेल इतकी छाटणीही लादता येत नाही. ही अट कागदावर किरकोळ वाटते, पण प्रत्यक्षात तीच निकाल फिरवते. लेलँडीच्या हेजची एखादी फांदी हाताने बाजूला करून आत पाहा. बाहेरून हिरवीगार दिसणारी भिंत आत वीतभर गेलं की तपकिरी, कोरडी, काटक्यांची असते. त्या तपकिरी लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. निरोगी लेलँडी सहसा एक तृतीयांश उंची कमी केलेली सोसते, त्यापुढे धोका वाढत जातो. म्हणून ७ मीटरची हेज गणिताने ३ मीटर असायला हवी असली, तरी नोटीस तिला साडेचार-पावणेपाच मीटरवरच थांबवू शकते. जितकी वर्षं तुम्ही गप्प बसाल, तितकं कायद्यातून मिळणारं कमी होत जातं.

फी प्रत्येक कौन्सिल स्वतः ठरवतं आणि ती काही शे पौंडांच्या घरात असते. तक्रारदाराने ती आगाऊ भरायची. इंग्लंडमध्ये तक्रार मान्य झाली तरी ती शेजाऱ्याकडून वसूल करून मिळत नाही. निकालाला महिने लागतात. निकालानंतर २८ दिवसांत दोघांपैकी कोणीही प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे अपील करू शकतो, म्हणजे आणखी महिने.

स्कॉटलंडचा २०१३ चा कायदा पानगळीच्या झाडांनाही लागू होतो, त्यामुळे तिथे बीचची हेजही आत येते. वेल्समध्ये फीवर ३२० पौंडांची मर्यादा आहे. उत्तर आयर्लंडच्या २०११ च्या कायद्यात तक्रार खरी ठरली तर तक्रारदाराला फी परत मिळण्याची सोय आहे, आणि मला ती जास्त न्याय्य वाटते.

बोलण्यातून काय मिळतं

वर कौन्सिलच्या ज्या मर्यादा सांगितल्या, त्यातली एकही मर्यादा दोन शेजाऱ्यांच्या करारावर नसते. हेज पूर्ण काढून तिथे लाकडी फेन्सिंग करायचं ठरवता येतं. दीड मीटरवर आणायचं ठरवता येतं. लेलँडीच्या जागी यू हे हळू वाढणारं झाड लावायचं, आणि खर्च निम्मा-निम्मा करायचा, हेही ठरवता येतं. फक्त तुमच्या स्वयंपाकघरासमोरचा तुकडा खाली आणून बाकीची हेज शेजाऱ्याच्या आडोशासाठी उंच ठेवणं, असा बारीक तोडगाही निघतो, कारण दोघांना नेमकं काय हवं आहे ते दोघांनाच ठाऊक असतं.

शेजारी उर्मट आहे असं गृहीत धरून सुरुवात करू नका. अनेकदा हेजचा मालक उतारवयातला असतो, शिडीवर चढणं त्याला आता जमत नाही, आणि ट्री सर्जनचा (झाडं छाटणाऱ्या व्यावसायिकाचा) खर्च ऐकून तो विषय टाळत असतो. त्याच्या दारात जाऊन “तुमची झाडं कायद्याबाहेर आहेत” म्हटलं की दार बंद. त्यापेक्षा त्याला आपल्याकडे चहाला बोलवा आणि दुपारी दोन वाजता तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहू द्या. आपल्या बाजूने त्याला त्याची हेज कधी दिसलेलीच नसते. “इथे दिवसा दिवा लावावा लागतो. दर वर्षी एक छाटणी झाली तर आमचं भागेल, खर्चात अर्धा वाटा आमचा.” एवढंच बोलणं पहिल्या भेटीला पुरेसं आहे. गणिताचा कागद दुसऱ्या भेटीला न्या.

ठरलं की ते लिहून घ्या, आणि त्यात तीन गोष्टी असू द्या: आत्ता किती उंचीवर आणायची, कितीच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि दर वर्षी कोणत्या महिन्यात, कोणाच्या खर्चाने छाटायची. बहुतेक समझोते पहिल्या छाटणीवर आनंदून थांबतात आणि दोन-तीन वर्षांत भांडण पुन्हा दारात येतं. महिना ठरवताना मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ टाळा. वापरात असलेलं घरटं मोडणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बोलणं अडलं तर मध्यस्थ घ्या. अनेक भागांत सामुदायिक मध्यस्थी सेवा असतात, मोफत किंवा थोड्या पैशांत. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलतं करतो, आणि तिथलं बोलणं गोपनीय राहतं. शेजाऱ्याने नकार दिला तरी तुमचा प्रयत्न वाया जात नाही. वाजवी प्रयत्न केले नाहीत म्हणून कौन्सिल तक्रार फेटाळू शकतं, त्यामुळे मध्यस्थीचं पत्र, तुमची पत्रं आणि तारखा हाच पुढे तुमच्या फाइलचा पाया होतो.

समजुतीची कमजोरी एकच, पण ती मोठी आहे: घर विकलं गेलं की शब्द गेला. नव्या मालकावर तुमचा कागद बंधनकारक नसतो.

फांद्या छाटणं आणि कोर्ट

हद्द ओलांडून आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत कापण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८९४ च्या लेमन विरुद्ध वेब या खटल्यापासून पक्का आहे. शेजाऱ्याच्या जमिनीत पाय न ठेवता कापत असाल तर त्याला आधी कळवावंही लागत नाही. कापलेल्या फांद्या मात्र त्याच्या मालकीच्या, आणि त्या विचारल्याशिवाय पलीकडे फेकू नयेत. झाडावर संरक्षण आदेश असेल किंवा तुमचा भाग कॉन्झर्व्हेशन एरियात (जतनासाठी राखलेल्या भागात) येत असेल, तर आधी कौन्सिलला विचारा. या हक्काने उंची एक इंचही कमी होत नाही. शिवाय लेलँडी हद्दीपर्यंत कापली की तपकिरी बाजू कायमची तुमच्याकडे तोंड करून राहते.

कोर्टात बागेसाठी उजेडाचा हक्क मागता येत नाही. इंग्लिश कायद्यात तो वीस वर्षांच्या वापराने इमारतीच्या खिडक्यांना मिळतो, बागेला नाही. दोन्ही घरांच्या मालकीच्या कागदपत्रांत हेजच्या उंचीवर बंधन घातलेलं आहे का, ते तेवढं तपासा. काही वसाहतींत असतं, आणि तसं असेल तर चित्र एकदम बदलतं. एरवी हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च भरण्याची जोखीम असलेल्या या वाटेला मी कोणाला पाठवणार नाही. त्यातून नोव्हेंबर २०२३ मध्ये, चर्चिल विरुद्ध मर्थर टिडफिल या खटल्यात, अपील कोर्टाने स्पष्ट केलं की न्यायाधीश पक्षकारांना आधी कोर्टाबाहेर तोडगा शोधायला लावू शकतात. तो खटलाही शेजारच्या जमिनीतून आलेल्या जॅपनीज नॉटवीड या पसरणाऱ्या तणाचाच होता.

कोणी काय निवडावं

हेज अजून ३-४ मीटरची असेल आणि शेजारी दार उघडत असेल, तर समजूतच, कारण तुम्हाला हवी ती उंची मिळण्याची शक्यता तिथेच आहे. तुमचं गणित कायद्यात बसत नसेल, म्हणजे हेज उत्तरेला असेल, एकटं झाड असेल किंवा इंग्लंडमध्ये बीच असेल, तरीही समजूतच. तिथे कौन्सिलची धमकी देणं म्हणजे हातात नसलेली काठी उगारणं.

शेजारी दोनदा शब्द देऊन फिरला असेल, घर भाड्याने देऊन मालक दूर राहत असेल किंवा ते घर लवकरच विकलं जाणार असेल, आणि गणित ठामपणे तुमच्या बाजूने असेल, तर कौन्सिल. हेज दर वर्षी वाढत असताना आणखी एक उन्हाळा वाट पाहण्यात अर्थ नाही.

तुमचंच घर विकायचं असेल तर थांबून विचार करा. विक्रीच्या वेळी भरायच्या टीए६ या फॉर्मवर शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी सांगाव्या लागतात, आणि कौन्सिलकडची तक्रार त्यात लपत नाही. मात्र “वाद होता, नोटीस निघाली, हेजच्या उंचीवर आता ३ मीटरची मर्यादा आहे” हे उत्तर घेणाऱ्याला “वाद चालू आहे” यापेक्षा कितीतरी बरं वाटतं. तेव्हा विक्रीला वर्ष-दीड वर्ष असेल तर तक्रार करून निकाल लावून घ्या, आणि दोन-चार महिनेच असतील तर अर्ध्या खर्चाची तयारी दाखवून शेजाऱ्याचं दार वाजवा.