रेडकाच्या हगवणीवर आईपासून उपाय : गाभण म्हशीसाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

कर्नाटकातील निपाणी तालुक्यातील आमच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यात पाठोपाठ दोन रेडके हगवणीने दगावली. दोन्ही वेळा सलाइन लावले, पण तोवर उशीर झाला होता. म्हणून यंदा एका खासगी पशुवैद्यकांची गाभण जनावरांच्या देखभालीची सेवा घेतली. म्हैस आटवण्यापासून (म्हणजे व्यायच्या आधी तिची धार काढणे बंद करण्यापासून) रेडकू महिन्याचे होईपर्यंत पाच भेटी, एका म्हशीमागे १,८०० रुपये आणि औषधांचा खर्च वेगळा, असा तिचा हिशेब आहे. एक तिसऱ्या वेताची आणि एक पहिलारू (पहिल्यांदाच व्यायणारी), अशा दोन म्हशींसाठी ती वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मेलेल्या रेडकांविषयी फारसे विचारले नाही. त्यांच्या आयांविषयी मात्र खोदून खोदून विचारले. कितवे वेत होते, कधी आटवली होती, कासेला दगडी (कासेची सूज) झाली होती का, वैरण काय होती, आणि व्याल्यावर रेडकाला पहिला चीक किती वेळाने मिळाला. शेवटच्या प्रश्नावर आम्ही घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागलो. वार (गर्भाची झिल्ली) पडल्याशिवाय रेडकू कासेला लावायचे नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे, आणि वार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागतात. गाईम्हशींच्या गर्भाशयात आईची रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि वासराचे आतडे ती पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेते, चोवीस तासांनंतर जवळजवळ नाहीच. म्हणजे रेडकू दाव्याला बांधून आम्ही वारेची वाट पाहत होतो, आणि पहिल्या धारेचा चीक खरवसासाठी शेजारी वाटत होतो.

या सेवेतली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे चिकाची तपासणी. ऊस तोडीला आला की नाही हे पाहायला कारखान्याच्या शेती खात्याची माणसे जी छोटी दुर्बिणीसारखी नळी घेऊन फडात येतात, तेच रिफ्रॅक्टोमीटर डॉक्टरांनी खिशातून काढले. काचेवर चिकाचा एक थेंब सोडला, झाकण दाबले आणि नळी उजेडाकडे धरून मला पाहायला दिली. उसाच्या रसात ही नळी साखरेचा अंदाज देते, तर चिकात रोगप्रतिकारक द्रव्यांचा; तिच्यावरचा आकडा ब्रिक्समध्ये असतो. गाईच्या चिकाला २२ ब्रिक्स किंवा त्याहून अधिक आकडा चांगला मानतात, आणि म्हशीसाठीही डॉक्टर तोच अंदाज धरतात. तिसऱ्या वेताच्या म्हशीचा आकडा २५ आला. आठ दिवसांनी व्यालेल्या पहिलारूचा १८ वर थांबला. पहिलारूचा चीक प्रमाणाने कमी आणि कसालाही पातळ असण्याची शक्यता असते, हे धरूनच त्यांनी मोठ्या म्हशीचा दोन लिटर चीक बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायला लावला होता. तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवला (उकळत्या पाण्याने चीक फुटतो आणि त्यातली द्रव्येही निकामी होतात) आणि पहिलारूच्या रेडकाला पहिल्या दोन तासांत पाजला. तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात सुमारे तीन लिटर चीक पोटात गेला पाहिजे, हा त्यांचा ठोकताळा आहे. गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितले की डेन्मार्कमध्ये फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या मुंगसासारख्या प्राण्याच्या पिल्लांनाही दूध तुटण्याआधी चिकट हगवण लागत असे, आणि तिथेही पहिल्यांदा व्यालेल्या माद्यांची पिल्लेच तिला जास्त बळी पडत.

दुसरा मुद्दा जंतांचा. म्हशीच्या अंगात सुप्त राहिलेल्या गोलकृमींच्या अळ्या व्याल्यानंतर दुधातून रेडकात उतरतात. पुढे पांढरट, उग्र वासाची हगवण लागते आणि पोट नगाऱ्यासारखे होते. म्हशीचे शेण तपासून याचा पत्ता लागत नाही, आणि तिला औषध देऊनही या अळ्यांचा भरवसा नसतो. त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या रेडकाला बाराव्या दिवशी जंताचे औषध पाजले, तेव्हा माझ्या आईने डॉक्टरांना सरळ ‘कशाला उगाच?’ असे विचारले होते.

आटवण्याबाबतही ते काटेकोर आहेत : व्यायला साठ दिवस असताना धार बंद. दुधाचा पगार थांबतो म्हणून आम्ही ते नेहमी लांबवत असू. वैरणीचा सल्ला मात्र अर्धाच पाळता आला. उसाच्या वाढ्यातील (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यातील) ऑक्झॅलेट या क्षारामुळे जनावराला कॅल्शियम कमी पडते हे खरे, पण गळीत हंगामात बांधावर फुकट पडलेले वाढे सोडून कडबा विकत आणा, हे सांगणे सोपे आहे. शेवटी वाढे निम्मे केले आणि खनिज मिश्रण सुरू केले.

उणिवा दोन आहेत. नोंदीचा तक्ता संपूर्ण इंग्रजीत छापलेला आहे. मराठीत नाही, निदान कन्नडमध्ये तरी हवा होता, कारण गोठ्यात तो भरणारी माणसे हीच दोन लिपी वाचतात. आणि रात्री आठनंतर ही सेवा फोनपुरतीच उरते. पहिलारू पहाटे दोनला व्यायली तेव्हा डॉक्टरांचा मदतनीस फोनवर होता, पण रेडकू अडले असते तर १९६२ या जनावरांच्या उपचारासाठीच्या सरकारी क्रमांकावर फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी फोन करण्यावाचून पर्याय नव्हता.

दोन्ही रेडके आता दीड महिन्याची आहेत आणि पहिलारूच्या रेडकाला एकदा दोन दिवस पातळ झाले, ते मीठ-साखरेच्या पाण्यावर थांबले. तिसरी म्हैस पुढच्या महिन्यात आटवायची आहे; तिची नोंदणी केली आहे आणि तक्ता मराठीत हाताने आखून घेतला आहे.