चौकटीचे चाइल्ड कॅरिअर: मुलासाठी उत्तम, सामानासाठी तोकडे

उन्हाळ्यात चिमुकल्यांना घेऊन डोंगरात जायचे ठरले की खरेदीच्या यादीत धातूच्या चौकटीचे, पाठीवर घ्यायचे चाइल्ड कॅरिअर हटकून येते. मुलाला बसवण्याचे साधन म्हणून ते मला मनापासून आवडते. मात्र बैठकीखालच्या ज्या कप्प्याची जाहिरातीत सर्वाधिक वाखाणणी होते, त्याच्या भरवशावर सहलीची बांधाबांध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण वजनाच्या हिशेबात आहे. रिकामे कॅरिअरच साधारण 3 ते 3.5 किलोचे असते आणि बऱ्याच मॉडेलांची कमाल मर्यादा 22 किलोच्या आसपास असते, ज्यात मूल आणि सामान तर येतेच, पण अनेकदा कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. मूल 12 किलोचे असेल, तर अशा कॅरिअरमध्ये जेमतेम साडेसहा किलो उरतात. त्यातून 2 लिटर पाणी वजा केले की साडेचार. शिवाय मर्यादेइतके ओझे घेऊन उतारावर तोल सांभाळणे ही वेगळीच परीक्षा असते. म्हणून या कप्प्यात केवळ पाठीवरच्या मुलाला वाटेत लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात आणि बाकीचे सामान सोबतच्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या सॅकमध्ये जावे.

त्या वस्तूंमध्ये पहिला मान उबदार कपड्यांचा. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. चालणारा पालक घामाघूम झालेला असतो आणि पाठीवरचे मूल मात्र हालचाल न करता वाऱ्यात बसलेले असते. त्यामुळे स्वतःच्या अंगाला जाणवणाऱ्या उकाड्यावरून मुलाच्या कपड्यांचा अंदाज कधीही करू नये. लोकरी किंवा फ्लीसचे जाकीट, कानटोपी आणि लांब मोजे अगदी वर, एका हाताने काढता येतील असे ठेवावेत. बसल्यावर पँट वर सरकते आणि पोटऱ्या उघड्या पडतात, हे घरी कपडे निवडताना ध्यानात येत नाही. गुडघ्यापर्यंतचे मोजे त्यासाठीच हवेत. पाय अधांतरी लोंबकळत राहिल्याने मुंग्या येतात, म्हणून पाय टेकवायच्या रिकिबी नसलेले मॉडेल मी कोणालाही सुचवणार नाही. त्या असल्या, तरी मधूनमधून मुलाला खाली उतरवून चालू-खेळू द्यावेच लागते.

छत हा या साधनाचा दुसरा मोठा गुण आहे. दर 1000 मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते, तेव्हा छत नसलेले स्वस्त मॉडेल घेण्यात शहाणपण नाही. तरीही छत फक्त वरचे ऊन अडवते. कलते ऊन आणि बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश यांसाठी हात, कान व पोटऱ्यांवर किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन आणि डोळ्यांना अतिनील किरण रोखणारा चष्मा लागतोच. टोपी मऊ काठाची घ्यावी, कारण ताठ काठ पाठीमागच्या आधाराला अडून टोपी सतत डोळ्यांवर येते.

पावसाचे आवरण बऱ्याचदा वेगळे विकत घ्यावे लागते. डोंगरात उन्हाळ्याच्या दुपारी ढग भराभर दाटतात, म्हणून हा खर्च टाळू नये. वापरलेल्या डायपरसाठी घट्ट बंद होणारी पिशवी बाहेरच्या बाजूला अडकवावी. कमरपट्ट्याच्या खिशात छोटा आरसा ठेवला, तर झोपलेल्या मुलाची मान कलंडली आहे का, हे थांबल्याशिवाय पाहता येते.

एक धोका मात्र माहितीपत्रकात ठळकपणे सांगायला हवा असे मला वाटते. मूल स्वतः चालत असते, तर त्याच्या थकण्याने चढाईला आपोआप लगाम बसला असता. कॅरिअरमुळे आपण त्याला फार झपाट्याने उंचावर नेऊ शकतो. साधारण 2500 मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो आणि डोके दुखते हे लहान मुलाला सांगता येत नाही. ते किरकिर करते, खाणे नाकारते, त्याची झोप मोडते. ही लक्षणे ‘बसून कंटाळले असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. चढाई थांबवावी, आणि बरे वाटत नसेल तर खाली उतरावे.

कोणी घ्यावे? मूल आधाराशिवाय नीट बसू लागले असेल आणि दिवसाकाठी काही तास पायवाटेने चालायचे असेल, तर जरूर घ्यावे. त्याहून लहान बाळासाठी ते अजिबात योग्य नाही. स्वतःच्या पायांनी धावू पाहणाऱ्या 15 किलोच्या पुढच्या मुलासाठी नवे घेण्यापेक्षा भाड्याने मिळाल्यास तेच बरे. खरेदीपूर्वी मुलाला आत बसवून दोन्ही पालकांनी ते पाठीवर घेऊन पाहावे आणि पाठीची लांबी दोघांच्या मापाने सहज बदलते का, हे तपासावे. खालचा आधारपाय उघडला, तरी मूल आत असताना कॅरिअर टेबलावर किंवा उतारावर कदापि ठेवू नये. सपाट जमिनीवरसुद्धा एकाने ते धरून ठेवावे आणि दुसऱ्याने पट्टे सोडवावेत.