हापूसच्या ऑर्डरी घ्यायच्या कुठे: व्हॉट्सॲप बिझनेस की गुगल फॉर्म?

सगळा माल वाशीच्या घाऊक बाजाराला न पाठवता थोडा तरी आंबा थेट गिऱ्हाइकाला द्यायचा, असं देवगड-रत्नागिरीकडच्या बऱ्याच घरांत आता ठरू लागलंय. फेब्रुवारी उजाडला की मला ओळखीच्या बागायतदारांचे फोन येतात, आणि दराच्या गप्पा झाल्या की प्रश्न ठरलेला असतो: "तू ऑर्डरी कशावर घेतोस रे?" मी दोन्ही वापरून बघितलंय. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही तुमच्या फोनवर आहेत, तेव्हा डाउनलोड कसं करायचं वगैरे सांगत बसत नाही. आंब्याच्या धंद्यात यातलं कुठलं कधी उपयोगी पडतं आणि कुठलं कधी डोकं उठवतं, तेवढंच सांगतो. काजू, कोकम, फणसपोळी किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण माझा अनुभव आंब्याचा.

आधी विक्रीची बाजू. इथे व्हॉट्सॲप बिझनेसला तोड नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पुण्यातलं, डोंबिवलीतलं गिऱ्हाईक आधीच तिथे बसलेलं आहे. बागेतून काढलेला फोटो दुपारी टाकला की संध्याकाळपर्यंत चार जण विचारतात. दर, पेटीचे आकार, यूपीआयचा तपशील हे सगळं क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवलं की तेच ते टाइप करावं लागत नाही. रात्री उशिरा आलेल्या मेसेजला 'सकाळी कळवतो' असं आपोआप उत्तर जातं. मुख्य फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात, त्यामुळे मी बागेत असताना घरून वहिनी उत्तरं देते आणि गिऱ्हाइकाला तो एकच नंबर दिसतो.

ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एका झटक्यात अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीबद्दल, एक गोष्ट नव्यांना माहीत नसते. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात हे ठीक, पण मेसेज पोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. आंब्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा आठवण काढणारं. ते कशाला नंबर सेव्ह करून ठेवतंय? म्हणून आम्ही प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालतो: पुढच्या वर्षी पहिली काढणी कळायला हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा. भारतात 2023 च्या सप्टेंबरात व्हॉट्सॲपची चॅनलं आली, तीही बघितली. 'पहिली पेटी निघाली' एवढं जाहीर करायला बरी आहेत, पण तिथे ऑर्डर घेता येत नाही. इन्स्टाग्रामच्या रीलवरून चौकशी येते आणि ती शेवटी व्हॉट्सॲपवरच येऊन थांबते. महिन्याचे पैसे घेणारी तयार ऑनलाइन दुकानं जेमतेम अडीच-तीन महिन्यांच्या सीझनला मला तरी परवडण्यासारखी वाटली नाहीत. वर्षभर विकण्यासारखा माल असेल तर गोष्ट वेगळी.

इथपर्यंत व्हॉट्सॲप पुढे. माझं मत बदललं ते विक्रीमुळे नाही, पेट्या भरताना.

हापूसची एक ऑर्डर चॅटमध्ये कशी येते ते बघा. आधी "नमस्कार, आंबे सुरू झाले का?" मग दर विचारून दोन दिवस शांतता. मग "2 डझन पाठवा." तासाभराने "3 करा, बहिणीलाही हवेत." पत्ता व्हॉइस नोटमध्ये, मागे कुकरची शिट्टी. रात्री दहाला "मागच्या वर्षीच्याच पत्त्यावर, पण वॉचमनकडे देऊ नका." आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ तिसऱ्या दिवशी: "अक्षय्य तृतीयेला खायला तयार हवेत हं."

आता आपल्या मालाला तारीख एकच नसते, हे तुम्हाला सांगायला नको. झाडावरून काढलेला हापूस अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून ठेवला की, आठ-दहा दिवसांनी तयार होतो. म्हणजे 'अमुक दिवशी तयार हवा' म्हटल्यावर काढणी कधी, अढी कधी आणि पेटी कधी निघणार, हे सगळं त्या एका ओळीवरून उलटं मोजत यायचं. आणि ती ओळ चॅटच्या मधोमध कुठेतरी, कुकरच्या शिट्टीच्या खाली.

मला खटकलं ते हे, आणि अजूनही खटकतं. चॅटची यादी लागते शेवटच्या मेसेजप्रमाणे, मला ती हवी असते आंबा पोचायच्या तारखेप्रमाणे. ज्यांची पेटी कालच पोचली त्यांनी 'मस्त होते, थँक्यू' लिहिलं की त्यांचं चॅट सगळ्यात वर. ज्या बाईंनी पैसे आगाऊ भरले आणि भलेपणाने एकदाही आठवण केली नाही, त्यांचं चॅट खाली खाली जात तळाला. जो गप्प बसेल तो मागे पडणार. ॲपला नावं ठेवत नाही. ते गप्पांसाठी आहे आणि गप्पा अशाच लावायच्या असतात. पण संध्याकाळी खोपीत आंबे निवडायला बसलेला गडी विचारतो, "आज पुण्याक किती खोके जातले?" तेव्हा मी अंगठ्याने स्क्रीन सरकवत बसतो, आणि सगळे हात थांबवून माझ्याकडे बघत असतात.

चॅटला चिकटवायची रंगीत लेबलं आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि मी ती मन लावून वापरली. 'पैसे आले', 'पुणे', 'ठाणे', 'निघाली'. रंग छान दिसतात. पण लेबल चॅटला लागतं, डझनाला लागत नाही. 'पुणे' लेबलखाली किती चॅट आहेत ते कळतं, त्यात किती डझन मोठं फळ आणि किती मध्यम ते नाही. शिवाय लेबलं करता येतात ती वीस. तारखेला एक लेबल करायचं म्हटलं तर ती एप्रिलमध्येच संपतील. कॅटलॉगमधून, म्हणजे ॲपमध्ये लावलेल्या मालाच्या यादीतून, गिऱ्हाईक कार्ट भरून पाठवतं तेव्हा माल आणि संख्या एका मेसेजमध्ये नीट येते, ते खरोखर सोयीचं आहे. तरी पत्ता आणि तारीख पुन्हा गप्पांतच. आणि आपला दर दर आठवड्याला उतरत जाणारा. कॅटलॉगमध्ये मार्चचा दर राहून गेला तर मे महिन्यात गिऱ्हाईक बिचकतं.

आता गुगल फॉर्म. दिसायला अगदी रूक्ष. आमचा फॉर्म नाव, फोन, पत्ता, पिनकोड, फळाचा आकार, किती डझन, कच्चे की तयार, आणि कोणत्या तारखेला हवेत, एवढ्यावर संपतो. पिनकोडला सहा आकडीच हवा अशी अट घालता येते, ती जरूर घाला. उत्तरं आपोआप गुगल शीटमध्ये, म्हणजे ऑनलाइन तक्त्यात, एकाखाली एक ओळीत पडतात. संध्याकाळी तारखेचा फिल्टर लावला की आज निघणारी सगळी नावं एका जागी, डझनांची बेरीज खाली तयार. पिनकोडने लावलं की 411038 चे कोथरूडकर एकत्र येतात, 411052 चे कर्वेनगरवाले त्यांच्या मागोमाग, आणि पुण्यात माल वाटणाऱ्या पोऱ्याला कुठून कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. गड्याच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं.

पैशांचंही तसंच. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट येतात, त्यावर नाव मुलाचं असतं, ऑर्डर आईची असते. शीटमध्ये मी शेजारी एक कॉलम केलाय, त्यात यूपीआयच्या बारा आकडी संदर्भ क्रमांकातले शेवटचे चार लिहितो. बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघायला तेवढे पुरतात. इथे एक खुबी सांगून ठेवतो: फॉर्मची उत्तरं ज्या टॅबमध्ये पडतात तिथे स्वतःची सूत्रं ओढू नका. नवं उत्तर नवी ओळ घेऊन येतं आणि सूत्र तिथपर्यंत पोचत नाही. बेरजा, याद्या दुसऱ्या टॅबवर करा.

फॉर्मचे काटे लपवत नाही. पहिला म्हणजे नेटवर्क. आमच्या कातळावर रेंज कधी असते, कधी नसते. व्हॉट्सॲपचा मेसेज रेंज येईपर्यंत दम धरतो आणि मग जातो. फॉर्म तसा दम धरत नाही, भरायला इंटरनेट लागतंच. दुसरा, सेटिंग्जमध्ये 'एका माणसाचं एकच उत्तर' हे चालू राहिलं तर समोरच्याकडे गुगलचं लॉगिन मागितलं जातं, आणि लॉगिन म्हटलं की निम्मी माणसं तिथूनच परत फिरतात. ते बंदच ठेवा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदाही मागवणार आहे, देवाच्या कृपेने. तिसरा काटा सगळ्यात मोठा: आपलं जुनं, हक्काचं गिऱ्हाईक फॉर्म भरत नाही. सदाशिव पेठेतल्या एका काकूंना लिंक पाठवली, तर त्यांचा फोनच आला. "अरे बाळा, मी काय आता परीक्षेचा फॉर्म भरू? लिही की तूच. चार डझन, आणि डाग नकोत."

आणि त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी फॉर्मकडे गिऱ्हाइकाची वस्तू म्हणून बघणं सोडलं. तो आपल्यासाठी आहे. काकू फोनवर बोलत असतात तेव्हा मी किंवा वहिनी समोर फॉर्म उघडून भरत जातो, आणि फॉर्मच्या क्रमाने विचारल्यामुळे 'कच्चे की तयार' हे विचारायचं राहून जात नाही. चॅटवरून आलेली ऑर्डरही ठरली की लगेच त्यात. नव्या पिढीतले, ऑफिसात बसणारे मात्र लिंकवरून स्वतः भरतात आणि खूश असतात, कारण त्यांना कोणाशी बोलावं लागत नाही. नेहमीच्या लोकांसाठी आधीच नाव-पत्ता भरलेली लिंकही तयार करता येते. फक्त ती ज्याची त्यालाच पाठवा, कारण त्यांनी ती कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली तर पत्ता सगळ्यांना मिळतो. त्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणाची ऑर्डरही येऊ शकते.

ऑर्डर दोनदा हाताळायची, आधी चॅटमध्ये, मग फॉर्ममध्ये, म्हणजे कामाला काम वाढवणं नाही का, असं माझा चुलतभाऊ म्हणतो. त्याच्या जागी तो चूक नाही. त्याचा आंबा जातो एकाच गावाला, मेहुण्याच्या दारात, तिथून लोक येऊन घेऊन जातात. त्याला व्हॉट्सॲप आणि एक वही बास आहे. तुमच्याही पेट्या थोड्या असतील, सगळ्या ओळखीतल्या असतील आणि एकाच ठिकाणी उतरत असतील, तर फॉर्मच्या नादी लागू नका असंच मी सांगेन. पण दोन-तीन शहरं, घरपोच वाटप, आकार वेगवेगळे आणि कोणाला कच्चा तर कोणाला तयार, अशी सरमिसळ सुरू झाली की चॅटवर भरवसा ठेवणं जिवावर येतं. निदान माझ्या तरी आलं.

मला विचाराल तर माझा कल फॉर्म आणि शीटकडे आहे. विक्री व्हॉट्सॲपवर खुशाल करा, ते तुमचं दुकान. पण पक्की ऑर्डर तिथे राहू देऊ नका. शेवटचा शब्द शीटचा. शीटमध्ये नाव नाही तर पेटी नाही, असं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, वडिलांना आधी, कारण देवळात भेटलेल्या माणसाला तोंडी शब्द देऊन येणारे तेच असतात.

फॉर्म मोहोर बघूनच करून ठेवा, पहिल्या काढणीची वाट बघू नका. स्वतः चार खोट्या ऑर्डरी भरून बघा, एक फोनवर बोलता बोलता, एक बागेत उभं राहून. रेंज कुठे मिळते ते तेव्हाच कळेल. दर फॉर्ममध्ये लिहू नका, 'त्या आठवड्याचा दर फोनवर कळवू' एवढंच लिहा. 'कोणत्या तारखेला हवेत' हा प्रश्न सक्तीचा करा. बाकी काही रिकामं राहिलं तरी चालतं, ते विचारून घेता येतं.