पहिली किट कार निवडताना: ओम्नीच्या यंत्रणेवर बांधलेल्या एका किटचे परीक्षण

गेल्या दीड वर्षात माझा पुतण्या आणि मी मिळून कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या लेथ-शेडमध्ये, दोन आसनांची एक उघडी किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडायची गाडी, बांधली. चॅसी, पुढच्या चाकांचे विशबोन (चाक चॅसीला जोडणारे त्रिकोणी दांडे) आणि नकल (चाक ज्यावर फिरते व वळते तो भाग), फायबरचे मडगार्ड व बॉनेट, पेट्रोलची टाकी आणि आसनांचे सांगाडे एवढे साहित्य परगावच्या एका छोट्या कार्यशाळेकडून किट म्हणून घेतले. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग रॅक मोडीत निघालेल्या मारुती ओम्नीतून काढले. हे किट कसे निघाले आणि पहिल्यांदाच गाडी बांधायला निघालेल्याने किट निवडताना काय तपासावे, हे इथे लिहीत आहे. आमच्याकडे लेथ, वेल्डिंग आणि तीस वर्षांचा फिटिंगचा अनुभव असूनही काही गोष्टी आम्हाला पैसे देऊन झाल्यावर कळल्या.

किटची चित्रे पाहण्याआधी गाडी कुठे चालवायची हे ठरवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेला आणि नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच स्पष्ट केले आहे. नवी गाडी म्हणून नोंदणी करायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या) मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हौसेने एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च झेपणारा नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर परवानगी देण्याची सोय आहे, म्हणून तिथे हा छंद टिकून आहे. त्यामुळे एखादा विक्रेता ‘जुन्या गाडीच्या आरसी बुकावर ही चालवा’ असे सांगू लागला, तर त्याच्याकडून काहीही घेऊ नये. आमची गाडी कागलजवळच्या नातेवाइकांच्या बंदिस्त आवारात आणि परवानगी मिळेल तेव्हा ट्रॅकवर चालते, आणि तिथवर ती टेम्पोतून जाते. छोट्या हत्तीचा हौदा तिला पुरत नाही, हेही आम्हाला आधी मोजून पाहता आले असते. मोडीत काढलेल्या ओम्नीबद्दल कलम ५५ प्रमाणे आरटीओला १४ दिवसांच्या आत कळवून तिची नोंदणी रद्द करून घेतली. हे काम कुणीही मागे ठेवू नये.

किट कारचे प्रकार अनेक आहेत. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर फायबरची बग्गी बसवली आणि तिथून एक वेगळीच परंपरा सुरू झाली. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती आजही बांधल्या जातात. आणि साध्या गाडीवर महागड्या इटालियन गाडीचा साज चढवणारी किटेही मिळतात. या शेवटच्या प्रकारापासून नवख्याने दूर राहावे, कारण त्यातले नव्वद टक्के श्रम पत्र्याच्या आणि फायबरच्या फटी जुळवण्यात जातात आणि गाडीची चाल होती तशीच राहते. पहिल्या कामासाठी माझे मत ठामपणे ‘सेव्हन’ पद्धतीच्या गाडीच्या बाजूने आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली आणि १९७३ पासून तिचा वारसा कॅटरहॅमने चालवला. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, चौकोनी नळ्यांची चॅसी आणि बहुतेक सपाट पत्रा अशी तिची रचना असल्याने प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसतो आणि प्रत्येक बोल्टापर्यंत पाना पोहोचतो. आपल्या राज्यात अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच धाटणीची रोडस्टर १.८ लिटरच्या इसुझू इंजिनावर बांधली होती.

आता मुख्य विषय, चॅसीचा. किटची किंमत, फायबरची चकाकी, चाकांची घडण हे सगळे बाजूला ठेवून पहिला तास चॅसीला द्यावा. आमच्याबरोबर उद्यमनगरातले एक वयस्क फिटर आले होते. विक्रेत्याने रंगांची पाटी पुढे केली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आधी कर्ण मोजा, रंग मग बघू.” पुढच्या उजव्या खालच्या विशबोनच्या कानापासून (चॅसीवरच्या, बोल्ट धरणाऱ्या पट्टीपासून) मागच्या डाव्या अ‍ॅक्सलच्या कानापर्यंतचे अंतर आणि त्याच्या उलट बाजूचे अंतर सारखे भरले पाहिजे. आमच्या चॅसीत २ मिमीचा फरक आला आणि तो आम्ही स्वीकारला. ५ मिमी आला असता तर रिकाम्या हाताने परतलो असतो, कारण वाकडी चॅसी नंतर कुठल्याही अलाइनमेंटने सरळ होत नाही. कार्यशाळेत चॅसी जिगमध्ये (नळ्या जागच्या जागी पकडणाऱ्या साच्यात) धरून वेल्ड करतात की जमिनीवर नुसते टॅक (वेल्डचे ठिपके) मारून, हे स्वतः पाहावे. नळी २५ मिमी चौरस आणि १.६ मिमी जाडीची आहे असे सांगितले जात असेल, तर उघड्या टोकाला व्हर्निअर लावून खात्री करावी.

याच कारणासाठी चॅसी पावडर कोटिंग न केलेली मागवावी. जाड कोटिंगखाली वेल्डच्या कडेला पडलेली खाच, अर्धवट राहिलेला सांधा आणि घासून गुळगुळीत केलेली चूक दिसत नाही. मात्र इथे आमची एक चूक झाली. चॅसी जूनच्या मध्यात आली, आणि कोल्हापूरच्या पावसात उघडे लोखंड आठवडाभरही तग धरत नाही. वेल्ड तपासून होईपर्यंत सगळीकडे तांबूस थर आला आणि तो काढण्यात चार दिवस गेले.

विशबोनच्या बाबतीत या किटला पूर्ण गुण देता येत नाहीत. डाव्या वरच्या विशबोनचा बोल्ट दोन्ही कानांतून हाताने सरकत नव्हता. अशा वेळी हातोडीने बोल्ट ठोकून बसवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास बुश (बोल्टाभोवतीची नळी) तिरका बसतो आणि सस्पेन्शन अडकत चालते. आम्ही कार्यशाळेला छायाचित्रे पाठवली आणि दहा दिवसांत दुसरा विशबोन विनामूल्य आला. सुटा भाग बदलून देण्याची ही तयारी मी किटच्या जमेत धरतो, आणि खरेदीपूर्वी त्याच कार्यशाळेच्या एखाद्या जुन्या ग्राहकाशी याबद्दल बोलून घ्यावे असे सुचवतो.

डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी, निवडताना एकाच गाडीतून जास्तीत जास्त भाग येतील असे किट घ्यावे. चार गाड्यांतून जमवलेल्या भागांची गाडी बांधता येते, पण मग प्रत्येक होज, प्रत्येक केबल आणि प्रत्येक सेन्सर वेगळा शोधावा लागतो. आपल्याकडे मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या स्वस्त गाड्या थोड्याच आहेत: ओम्नी, ईको, जिप्सी आणि अजून कुठे मिळाली तर प्रीमियर पद्मिनी. ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन सुमारे ३५ अश्वशक्तीचे आहे, आणि हा आकडा ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो. पण कॅटरहॅमने २०२१ मध्ये आणलेल्या सेव्हन १७० मध्येही सुझुकीचेच ६६० सीसीचे इंजिन आहे; टर्बोमुळे त्याची ताकद ८४ अश्वशक्ती असली तरी त्या गाडीचा खरा आनंद तिच्या ४४० किलो वजनात आहे. हलक्या गाडीत ओम्नीचे इंजिनही चपळ वाटते. फक्त तिचा अ‍ॅक्सल भार वाहण्यासाठी बनवलेला असल्याने पहिला गिअर फार लवकर संपतो. पुढच्या बाजूला ओम्नीला मॅकफर्सन स्ट्रट (उभ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर चाक धरणारी रचना) आहे आणि सेव्हनला दोन विशबोन लागतात, म्हणून पुढचा नकल किटमधूनच आला पाहिजे. तो विक्रेत्याने नव्याने घडवलेला असेल, तर कोणत्या धातूचा आणि कुठे तपासलेला, हे लेखी घ्यावे. ज्या शहरात ओतकाम हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे, तिथल्या माणसाला ओतीव भागातल्या पोकळीचा धोका वेगळा सांगायला नको.

किटची सर्वांत मोठी उणीव मार्गदर्शक पुस्तिकेत निघाली. बारा पाने, धूसर छायाचित्रे, आणि टॉर्कचे (कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा याचे) आकडे अजिबात नाहीत. ब्रिटनमध्ये एके काळी तयार गाडीवर खरेदीकर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून लोटस गाडी उलगडण्याच्या सूचना देत असे आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचत, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि तो कर गेला. आज अपुऱ्या पुस्तिकेला तसले कोणतेही कारण उरलेले नाही. नवख्याने पैसे देण्याआधी पुस्तिका मागून घ्यावी, ब्रेकचे प्रकरण उघडावे, आणि ते वाचून काम करता येईल का हे स्वतःला विचारावे. त्यासोबत ‘पेटीत काय नाही’ याची यादीही मागावी. आमच्या पेटीत ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, रेडिएटरचे होज, लाइट आणि ८.८ ग्रेडचे नट-बोल्ट नव्हते, आणि ही सगळी भर घालताना किटच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा खर्च झाली.

फायबरचे काम साधारण होते. जेलकोटला (फायबरच्या वरच्या चकचकीत थराला) दोन ठिकाणी बारीक फोड होते आणि मागच्या मडगार्डांची जाडी एकसारखी नव्हती.

बाहेरून करून घ्यायच्या कामांसाठी मात्र कोल्हापूरसारखे गाव नाही. प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याची) लांबी बदलून तो बॅलन्स करून देणारी कार्यशाळा उद्यमनगरात आमच्या शेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि त्यांनी शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले जुने क्रॉस स्वतःहून बदलायला सांगितले. इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट एका फॅब्रिकेटरने पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून एका दुपारीत करून दिले. गिअरच्या दांड्याची जोडणी तीनदा बदलावी लागली, तरी टर्नरने दरवेळी गाडीपाशी येऊन मापे घेतली. इंजिन शेतीच्या पंपाचे असो की गाडीचे, ते उघडून समजून घेण्याची सवय या गावाला पूर्वीपासून आहे, आणि त्या सवयीचा आम्हाला पदोपदी उपयोग झाला. ज्यांच्या गावात अशी सोय नाही, त्यांनी शाफ्ट आणि माउंटिंग तयार मिळणारेच किट निवडावे, मग ते महाग पडले तरी चालेल.

ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत काटकसर करू नये, हे मी कळकळीने सांगतो. स्टिअरिंग कॉलम कापून घरच्या घरी वेल्ड करू नये. योग्य मापाचा, दोन युनिव्हर्सल जॉइंटचा कॉलम किटमध्ये असेल तरच ते किट घ्यावे. ब्रेकला दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर असावा, जेणेकरून एक नळी फुटली तरी दोन चाकांवर ब्रेक उरतो. सुमारे ८०० किलोच्या व्हॅनसाठी ठरवलेले ब्रेक हलक्या गाडीत मागची चाके आधी जाम करू शकतात आणि मग गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आमच्या गाडीत पहिल्याच चाचणीत, अवघ्या २० किमी वेगाला, हे घडले. मोकळे आवार होते म्हणून निभावले; दोन आठवडे थांबून मागच्या ब्रेकला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, तेव्हाच पुढे गेलो. हेल्मेटपेक्षा उंच रोल बार (गाडी उलटल्यास डोके वाचवणारी कमान), आसनाचे पट्टे जिथे बांधतात त्या कानांमागे जाड प्लेट आणि हाताशी अग्निशामक या तीन गोष्टी विक्रेत्याच्या यादीत ‘ऐच्छिक’ म्हणून असतील, तर तो विक्रेता बदलावा.

एक साधी तपासणी बहुतेकजण विसरतात: त्याच किटच्या तयार गाडीत बूट घालून बसून पाहावे. सेव्हनमध्ये पायांची जागा अरुंद असते. पुतण्या सहा फूट उंच आहे आणि त्याचा गुडघा स्टिअरिंगला लागत होता. आसनाचा सांगाडा ४० मिमी मागे आणि थोडा खाली घेतल्यावरच त्याला क्लच नीट दाबता आला.

वेळेबद्दल विक्रेत्याने ‘तीन महिने’ सांगितले होते. सगळे नवे भाग असलेले, पूर्ण आणि उत्तम पुस्तिकेचे किट शंभरेक तासांत जोडता येते, हे मला पटते. पण जुन्या गाडीचे भाग उतरवणे, धुणे, दुरुस्त करणे आणि रंगवणे यांचा हिशेब त्यात नसतो. आम्ही बहुतेक रविवारी काम केले आणि चौदा महिने लागले. घरात शेड नसेल आणि शनिवार-रविवारची खात्री नसेल, तर जुन्या भागांचे किट घेऊ नये.

पुन्हा बांधायची वेळ आली, तर चॅसी आणि विशबोनसाठी मी त्याच कार्यशाळेकडे जाईन, कारण त्यांनी चूक झाल्यावर फोन उचलला आणि भाग बदलून दिला. फायबर मात्र इथेच करून घेईन, बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या पहिल्याच दिवशी आणून ठेवीन, आणि चॅसी दसऱ्यानंतरच शेडमध्ये पोहोचेल अशा बेताने मागणी नोंदवीन.