पुस्तक प्रकाशनासाठी लातूरचा एक हॉल: भाषणाला झकास, विक्रीला बेकार

साडेतीन स्टार, आन त्यातले तीन एकट्या साऊंडवाल्याचे. हॉलचं नाव घेत नाही, परत तिथंच जायची वेळ येऊ शकते राव.

आमचं प्रकाशन म्हणजे तिघांचा कारभार, जो प्रूफ वाचतो तोच गठ्ठे उचलतो. पुस्तक एका नेत्याच्या भाषणांचं होतं, मराठवाड्याच्या अनुशेषावर, म्हणजे विकासात जे मागं राहिलं त्यावर, हा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल, तो भरून काढायला 1994 ला आलेली वैधानिक विकास मंडळं, 2020 ला त्यांची मुदत संपली ते सगळं त्यात आलंय. साऊंड खरंच एक नंबर. माईकनं एकदा पण शिट्टी मारली नाही, एक प्राध्यापक या मंडळांची तरतूद असलेल्या राज्यघटनेच्या कलम 371(2) वर पुटपुटल्यासारखं बोलायले होते तरी शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येत होतं. मधे लाईट गेली तर जनरेटर लगेच चालू. नाष्ट्याला चुरमुऱ्यांचा गरम सुशीला, वरून लिंबू, चहा पण बरा.

आता स्टॉलचं ऐका. दारासमोर टेबल मागितलं तर तिथं सत्काराच्या शाली-पुष्पगुच्छांचा ढीग, आमाला दिला वॉशरूमकडचा कोपरा. राजकीय कार्यक्रमात पुस्तक विकायला टाईम लै थोडा भेटतो, भाषणं चालू असताना कुणी उठत नाही आन प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं की "साहेब निघायलेत" अशी कुजबुज सुरू होते, मग अर्धा हॉल त्यांच्या मागं गाडीपर्यंत. त्या गर्दीतच काय ती विक्री होते. इथं गाडीकडं जायचं दार स्टेजच्या बाजूनं वेगळंच, त्यामुळं सगळी गर्दी तिकडनंच बाहेर पडली आन आमी गठ्ठे खोलून बसलेलो तसेच बसलो. जे आले त्यातले निम्मे "कार्यकर्त्याला फ्री असतं ना?" विचारणारे. एका रिटायर्ड गुरुजींनी मात्र उभ्या उभ्या पूर्ण अनुक्रमणिका वाचली, जिल्हावार तक्ता कामून नाही दिला म्हणून झापलं आन दोन प्रती घेतल्या, बरोबरच होतं त्यांचं. त्यात कोपऱ्यात मोबाईलला रेंज नाही, स्कॅनर चालेना, 250 चं पुस्तक सवलतीत 200 ला आन सुट्ट्या पैशाची बोंब.

भाडं आमीच भरलं, त्यावर 18 टक्के जीएसटी. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य असल्यामुळं तो टॅक्स कुठं वळता पण करता येत नाही, आमच्यासारख्या छोट्यांनी हे आधीच हिशोबात धरावं.

17 सप्टेंबरच्या आसपास मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम असतात, तेव्हा बुकिंगसाठी लवकर पळा. आन टेबल गाडीकडच्या दाराशीच लावून देणार हे पावतीवर लिहून घ्या, मॅनेजर तोंडी सगळ्याला हो म्हणतो.