हलणारी सीट की स्थिर सीट? नागपुरात ग्रुपने रेसिंग सिम्युलेटर खेळायचा असेल तर

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की दुपारी फुटाळा तलावावर कोण जाणार? एसीत बसून गाडी पळवायचा सिम्युलेटर बरा. प्रश्न सीटचा.

हलणारी सीट ब्रेकला पुढे झुकते, वळणावर कलते. पहिल्या दोन मिनिटांत मजा भारी, पण डोळ्यांना दिसणारा वेग आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवणारी हालचाल जुळत नाही, म्हणून काहींना मळमळतं. व्हीआर चष्मा असेल तर जास्तच. सावजी चापून लगेच बसू नका, भाऊ.

स्थिर सीटवर सगळी खबर स्टिअरिंग देतं: पुढची चाकं घसरू लागली की ते हातात हलकं पडतं. लोड सेल ब्रेक असेल तर पेडल किती खाली गेलं यापेक्षा किती जोराने दाबलं हे मोजलं जातं. नवखे हळू दाबतात, गाडी सरळ बाहेर. जोरात दाबून वळण्याआधी सोडत जा. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) चालू ठेवायला तिथल्या माणसाला सांगा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा किंचित वाकलेला हवा.

सहा जण असाल तर स्थिरच घ्या. एकसारख्या गाड्या, डॅमेज (धडकेने गाडी बिघडणं) बंद, आधी पाच मिनिटं सराव. ट्रॅक इटलीतला मोंझा: ५.७९३ किमी, वळणं फक्त ११. मोनॅकोच्या ट्रॅकवर भिंतीच भिंती, नवख्यांचा नुसता चुराडा. मोंझातही पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) गाड्यांचा ढीग होतोच. तिथे मागे राहणारा पुढे निघतो.