गोठवलेल्या गर्भाचे ट्रान्सफर: गोळ्यांवरचे चक्र की स्वतःचे?

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर, तयार केलेले गर्भ गोठवून ठेवलेले आहेत आणि आता गर्भाशयाचे अस्तर हार्मोनच्या गोळ्या देऊन तयार करायचे की पाळीच्या स्वाभाविक चक्रावर सोपवायचे, एवढाच निर्णय बाकी आहे, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही मार्गांनी गेले आहे. दोन्ही वेळा पाच दिवस वाढवलेला एकेकच गर्भ गर्भाशयात सोडला होता (यालाच ट्रान्सफर म्हणतात), त्यामुळे तुलना करण्याचा थोडाफार अधिकार मला असावा. अर्थात कोणतेही दोन गर्भ सारखे नसतात, हे आधीच मान्य करते.

अस्तराच्या जाडीपायी आपण सगळ्याच जणी गरजेपेक्षा जास्त झोप घालवतो. साधारण 7 मिलिमीटरच्या खाली यशाचे प्रमाण घसरते हे खरे, पण त्याच्या बऱ्यापैकी वर गेल्यावर प्रत्येक मिलिमीटरमागे काही वाढत जाते असे दिसत नाही. गोळ्यांवर माझे अस्तर 9.4 झाले होते, तीन थर स्पष्ट दिसत होते, आणि सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी ‘छान’ म्हटल्यावर मी रिक्षात बसून तो आकडा तीन जणांना कळवला. स्वाभाविक चक्रात ते जेमतेम 7.6 होते आणि ट्रान्सफरच्या दिवशी 7.1 भरले, तेव्हा मी हादरलेच. वास्तविक प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारे हार्मोन) सुरू झाल्यावर अस्तर थोडे दबून घट्ट होणे अस्वाभाविक नाही. 2019 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी तर असे दबलेले अस्तर गर्भ टिकण्याच्या दृष्टीने अधिक चांगले, असे मांडले होते. नंतरच्या काही अभ्यासांना तो संबंध आढळला नाही. माझी मापे दोन वेगळ्या यंत्रांवर घेतलेली होती, तेव्हा त्या अर्ध्या मिलिमीटरला किती महत्त्व द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

गोळ्यांच्या चक्राची सोय मी नाकारणार नाही. इस्ट्रोजेनच्या 2 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा, दोन सोनोग्राफी, आणि ट्रान्सफरची तारीख जवळजवळ आपल्या हातात. साताऱ्याहून पुण्याला जाऊन येणे, शाळेतली रजा आधी मंजूर करून घेणे आणि सासूबाईंना गावाहून बोलावणे, हे सगळे ज्यांना जुळवावे लागते त्यांना ही सोय किती मोठी आहे ते वेगळे सांगायला नको.

माझे मन फिरले ते पुढच्या टप्प्यात. या पद्धतीत बीज फुटत नाही, त्यामुळे अंडाशयात पीतपिंड (बीज फुटल्यावर मागे उरणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) तयार होत नाही आणि गर्भाला लागणारे सगळे प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच पुरवावे लागते. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वार (प्लॅसेंटा) ते काम पूर्णपणे हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवड्यांपर्यंत. मला तेलातले इंजेक्शन होते, रोज रात्री 8 वाजता. तेल दाट असते, अँप्यूल तळहातात धरून कोमट करावी लागते, आणि पंधरवड्यात कमरेखाली अशा गाठी झाल्या की खुर्चीत बसताना कोणती बाजू टेकवायची याचा विचार करावा लागे. तेही चालले असते. चालले नाही ते घड्याळ. मामेबहिणीच्या लग्नासाठी संगमनेरजवळच्या एका गावी गेलो असताना रात्री सुई टोचणारे कोणी मिळेना. एक कंपाउंडर मिळाला, तो चिठ्ठीशिवाय हात लावीना, आणि चिठ्ठी साताऱ्याला कपाटात. फोनवर तिचा फोटो येऊन इंजेक्शन होईपर्यंत पावणेदहा वाजले. आठव्या आठवड्यात तो गर्भ थांबला. एका उशिराने असे होत नाही, असे डॉक्टरांनी समजावले आणि बुद्धीला ते पटतेही. परंतु ते पावणेदोन तास मनातून कधी गेले नाहीत.

स्वाभाविक चक्राचा ताप वेगळा आहे. पाळीच्या दहाव्या दिवसापासून एका दिवसाआड सोनोग्राफी, रोज सकाळी एलएचची पट्टी (बीज फुटण्याआधी वाढणारे हार्मोन लघवीत तपासणारी), फॉलिकल म्हणजे बीजाची पिशवी 18 मिलिमीटरची झाली की बीज फुटण्याचे इंजेक्शन आणि त्यानंतर सातव्या दिवशी ट्रान्सफर. तारीख शरीर ठरवते; माझी नेमकी घटक चाचणीच्या आठवड्यात आली. त्याआधीचा एक महिना तर बीज सोनोग्राफीच्या आधीच फुटल्यामुळे वायाच गेला होता. पण ट्रान्सफरनंतर रात्री योनीमार्गे ठेवायची एक गोळी एवढेच औषध राहिले, आणि तेही पूरक म्हणून. मूळ काम माझे अंडाशय करत आहे ही जाणीव मला त्या दिवसांत फार आधाराची वाटली. त्या चक्रातली मुलगी आता दीड वर्षाची आहे.

यशाच्या बाबतीत दोन्हींत फार अंतर नाही, हेही सांगितले पाहिजे. नेदरलँड्समध्ये 959 स्त्रियांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळ घरी येण्याचे प्रमाण स्वाभाविक चक्रात 11.5 टक्के आणि गोळ्यांच्या चक्रात 8.8 टक्के होते, पण हा फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता. मात्र पीतपिंड नसलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा आणि प्रीएक्लॅम्पसियाचा (गर्भारपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवर ताण येण्याचा) धोका अधिक आढळला आहे, आणि ज्यांच्या घरात रक्तदाबाचा इतिहास आहे त्यांनी हा मुद्दा डॉक्टरांपुढे जरूर काढावा. माझ्या आईला आहे, म्हणून मी काढला.

ज्यांची पाळी दोन-दोन महिने लांबते, ज्यांना पीसीओडी (बीज नियमित न फुटण्याचा हार्मोनचा विकार) आहे किंवा ज्यांचे अंडाशय काम करत नाही, त्यांच्यासाठी ही सगळी चर्चा बरीचशी निरर्थक आहे. त्यांना गोळ्याच घ्याव्या लागतील, फार तर पीसीओडी असताना लेट्रोझोल ही बीज वाढवणारी गोळी देऊन बीज फोडता येईल का, एवढे विचारून पाहावे. पाळी 28-30 दिवसांनी नियमित येत असेल आणि घरापासून तासाभरात सोनोग्राफीची सोय असेल, तर मात्र आधी स्वाभाविक चक्राचाच आग्रह धरावा, असे मी भीत भीत सुचवीन. आमचे दोन गर्भ अजून गोठवलेले आहेत आणि कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पुन्हा जायचे ठरले तर दहाव्या दिवसाची सोनोग्राफी इथेच साताऱ्याला करून रिपोर्ट पुण्याला पाठवायचा, हे मी डॉक्टरांकडून आत्ताच कबूल करून घेतले आहे.